उठाव

वडील नाशिक रोडच्या प्रेसमध्ये होते.
जन्मभर नोटा छापल्या, आणि रोज संध्याकाळी
झडती देऊन रिकाम्या खिशांनी घरी आले.
मी अंबडला लागले, कार्डांच्या कारखान्यात.
म्हणाले, म्हणजे आता बापाच्याच पोटावर पाय.
हसत म्हणाले, पण त्या रात्री
रेडिओ लावला नाही.

कार्डाचं नाव तत्पर.
निळ्या जमिनीवर पांढरी पाकोळी, एक पंख जरा तिरका.
देशाचं स्वतःचं कार्ड, असं लिहिलेलं असायचं
सीबीएसपासून द्वारकेपर्यंत खांबाखांबावर.

माझं काम नावं उठवायचं.
मशीन खालून ठोसा मारी, अक्षर वर येई,
मग त्याच्या डोक्यावर सोनेरी वर्ख.
सव्वीस घरं. त्यापुढे माणूस मावत नसे.
एक त्र्यंबकराव पुरुषोत्तम क्षेमकल्याणी होते,
ते क्षेमपाशी संपले.
तक्रार करायला आले, चहा पिऊन गेले.

तेव्हा मालाला उठाव होता.
तिन्ही पाळ्या चालायच्या.
रविवार कारंजावर कोठावद्यांनी गल्ल्याशेजारी यंत्र बसवलं,
लक्ष्मीपूजनाला त्याला हळदकुंकू वाहिलं,
आणि काचेवर पाकोळी चिकटवली,
आतून, म्हणजे पोरं खरवडणार नाहीत.

आमच्या गल्लीतल्या द्वारकाबाई निरगुडे
कार्यालयात लग्नाची भांडी घासायच्या.
पगार बँकेत यायला लागला, तसं कार्ड आलं.
मला विचारलं, यात माझं नाव कुठंय गं?
मी त्यांचं बोट धरून ठेवलं पहिल्या अक्षरावर.
राखेनं फुटलेलं बोट,
तांदळातले खडे चाचपावेत तसं सरकत गेलं,
शेवटच्या अक्षरापाशी थांबलं, परत फिरलं.
म्हणाल्या, उठून दिसतंय की.

कुणी मारलं नाही तत्परला.
एक परिपत्रक आलं, दीड पानाचं.
त्यात विलीन असा शब्द होता.
आमच्या गावात हा शब्द ऐकला की
लोक रामकुंडाकडं बघतात.
तिथं अस्थी विरघळतात म्हणे.
प्लास्टिकचं काही कुणी बोलत नाही.

उरलेली कोरी कार्डं आम्हीच यंत्रात घातली,
चार दिवस, मास्क लावून.
निळा भुगा कपड्यांत, डब्यात, कानामागं.
मुलगी वेणी सोडताना म्हणाली, आई, हे काय?
अर्धा पंख होता.
वडिलांनी तो चिमटीत धरून उजेडात पाहिला,
आयुष्यभराच्या सवयीनं.
छपाई चुकलेल्या नोटांचाही भुगाच होतो, म्हणाले.
पण त्या चुकलेल्या असतात.

कोठावद्यांच्या काउंटरवर आता एक डबी आहे,
पैसे आले की ती बाईच्या आवाजात ओरडते.
जुनं यंत्र खाली, सुतळीच्या गुंड्यापाशी.
काचेवरची पाकोळी उन्हानं आधी निळी सोडली,
मग पांढरी.
आता डिंकाचा नुसता आकार आहे,
त्याला धूळ बसते, म्हणून कळतं.

परवा द्वारकाबाई भेटल्या. परातीतली कणीक
त्याच कार्डानं खरवडत होत्या.
बँकेनं सांगितलं होतं, कात्रीनं दोन तुकडे करा.
त्यांनी एक कोपरा कापला,
नाव नसलेल्या बाजूचा.
नवं कार्ड डब्यात आहे, तांदळाच्या.
सपाट, गुळगुळीत.
हाताला काही लागत नाही त्यावर, म्हणाल्या.
आणि रेशनला पुन्हा अंगठाच मागतात.
भांडी घासून रेषा गेल्यात,
यंत्र तीनतीनदा नाही म्हणतं.

मग ओल्या कणकेचा हात पदराला पुसून
त्यांनी कार्ड धुतलं,
आणि खिडकीत उभं करून ठेवलं, निथळायला.